केळीचे मळे आणि महासत्तेची भीती

१ मे १९५४. कामगार दिनाची सुटी. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला या देशात त्या दिवशी एक नवं रेडिओ केंद्र ऐकू येऊ लागलं. त्याचं नाव होतं ‘मुक्तीचा आवाज’. निवेदक सांगत होते की, आम्ही याच देशातल्या घनदाट जंगलात लपून, सरकारी शिपायांना चुकवून बोलतो आहोत आणि या सरकारचे दिवस भरत आले आहेत. लोक कान देऊन ऐकू लागले. प्रत्यक्षात यातले बरेचसे कार्यक्रम अमेरिकेतल्या मायामी शहरात ध्वनिमुद्रित होत. टेपा विमानाने शेजारच्या देशात नेल्या जात आणि तिथून त्यांचं प्रक्षेपण होई. जंगल वगैरे काही नव्हतं. पैसा आणि कल्पना दोन्ही सी.आय.ए. या अमेरिकी गुप्तचर संस्थेची. माइकसमोर बसून ही गोष्ट सांगताना माझ्यासारख्याला तिची थोडी गंमत वाटते आणि थोडी धास्तीही. कारण पुढच्या आठ आठवड्यांत तिथलं निवडून आलेलं सरकार पडलं आणि त्यात बंदुकांइतकाच, कदाचित जास्तच, वाटा या माइकचा होता.

महासत्ता जगात काय करते याविषयी बोलताना आपण चटकन व्हिएतनाम, इराक अशी मोठी नावं घेतो. मला मात्र ग्वाटेमालाचं उदाहरण अधिक उपयोगाचं वाटतं. देश लहान, क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. १९५४मध्ये लोकवस्ती तीस लाखांच्या आसपास. पण व्यापार, युद्ध आणि मानवी हक्क या तिन्ही गोष्टी तिथे एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एक धागा ओढला की बाकीचे दोन आपोआप हाती येतात. शिवाय अमेरिकेने या प्रकरणाचे पुष्कळसे कागद नंतर स्वतःच खुले केले. त्यामुळे नुसत्या संशयावर बोलावं लागत नाही.

गोष्ट सुरू होते केळ्यांपासून. १८९९मध्ये बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी आणि मध्य अमेरिकेत रेल्वे बांधणाऱ्या मायनर कीथ यांनी एकत्र येऊन ‘युनायटेड फ्रूट कंपनी’ स्थापन केली. उष्ण प्रदेशातली केळी बोटीने अमेरिकेत न्यायची आणि विकायची, हा धंदा. केळं हे नाशवंत फळ. घड तोडला की घड्याळ सुरू झालं. म्हणून मळा आपला हवा, मळ्यापासून बंदरापर्यंतची रेल्वे आपली हवी, बंदर आपल्या ताब्यात हवं आणि बोटीही आपल्याच हव्यात. ग्वाटेमालात कंपनीने हे सगळं मिळवलं. पुएर्तो बारिओस हे अटलांटिकच्या बाजूचं महत्त्वाचं बंदर तिच्या हातात होतं आणि देशातली जवळजवळ सगळी रेल्वे तिच्या प्रभावाखालच्या कंपनीची होती. लोक तिला ‘एल पुल्पो’ म्हणत. म्हणजे अष्टपाद, आठ हातांनी विळखा घालणारा समुद्रातला प्राणी. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितलं पाहिजे की, कंपनीच्या मळ्यांवर मजुरी इतर जमीनदारांपेक्षा बरी होती, दवाखाने होते, शाळा होत्या. इतर जमीनदारांकडचं जिणं त्याहून वाईट होतं, इतकाच त्याचा अर्थ.

१९४४मध्ये तिथल्या लोकांनी होर्गे उबिको या हुकूमशहाला घालवलं. निवडणूक झाली आणि हुआन होसे आरेव्हालो नावाचे तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक अध्यक्ष झाले. कामगारांना संघटना करण्याचा हक्क देणारा कायदा १९४७मध्ये आला. १९५१मध्ये त्यांच्यानंतर अध्यक्षपदी आले हाकोबो आर्बेंझ. हे लष्करातले अधिकारी, अबोल आणि थोडे हट्टी. त्यांनी १७ जून १९५२ रोजी जो कायदा केला, त्याचा क्रमांक होता ९००. तिथे आजही त्याला ‘नऊशे क्रमांकाचा हुकूम’ म्हणूनच ओळखतात.

कायदा काय होता? दोन टक्के जमीनमालकांकडे देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक शेतजमीन होती. त्यातल्या सव्वादोनशे एकरांहून मोठ्या मालमत्तांमधली पडीक जमीन सरकार घेणार आणि भूमिहीनांना देणार. कसलेल्या जमिनीला हात लावायचा नाही. मोबदला म्हणून पंचवीस वर्षांचे तीन टक्के व्याजाचे सरकारी रोखे. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा तेव्हा घरोघरी ठाऊक होती, मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८चा आहे. आणि ज्या जपानचा कारभार युद्धानंतर अमेरिकी सेनापती मॅकआर्थर पाहत होते, तिथे तर जमीनदारी मोडणारा कायदा अमेरिकनांनी स्वतःच आणवला होता. ग्वाटेमालाचा कायदा त्यापेक्षा मवाळ होता. आर्बेंझ यांची स्वतःची जमीनही त्यात गेली.

कंपनीकडे साडेपाच लाख एकरांच्या आसपास जमीन होती आणि तिच्यातली सुमारे पंच्याऐंशी टक्के पडून होती. कंपनीचं म्हणणं असं की, केळीवर पनामा रोग पडतो, तो एकदा मातीत शिरला की तो मळा सोडून नव्या जमिनीवर जावं लागतं, म्हणून राखीव जमीन लागते. यात तथ्य होतं. पण इतकी?

१९५३मध्ये सरकारने कंपनीची दोन लाख एकरांहून अधिक पडीक जमीन घेतली आणि सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. एकरी तीन डॉलर. कंपनी खवळली. पण हा आकडा सरकारने मनाने काढलेला नव्हता. कर वाचवण्यासाठी कंपनीनेच आपल्या जमिनीची किंमत सरकारदरबारी एवढी लावून दिली होती! एप्रिल १९५४मध्ये प्रतिदावा आला, १ कोटी ५८ लाख डॉलरचा, एकरी पंचाहत्तर. आणि तो दावा कंपनीने नव्हे, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पाठवला.

आता हे परराष्ट्र खातं कोणाकडे होतं पाहा. मंत्री होते जॉन फॉस्टर डलेस. त्यांचे धाकटे बंधू ॲलन डलेस सी.आय.ए.चे प्रमुख. दोघेही पूर्वी न्यूयॉर्कच्या ज्या बड्या वकिली पेढीत होते, ती पेढी युनायटेड फ्रूटचं काम करत असे. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या खासगी सचिव बाईंचे यजमान कंपनीच्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुख. आणि कंपनीचे जनसंपर्क सल्लागार होते एडवर्ड बर्नेज, म्हणजे मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांचे भाचे आणि प्रचाराचं शास्त्र बनवणारे गृहस्थ. त्यांनी अमेरिकी पत्रकारांना कंपनीच्या खर्चाने ग्वाटेमालाच्या सहली घडवल्या. परत आल्यावर त्यांच्या लेखांत केळी कमी आणि कम्युनिस्ट जास्त दिसू लागले.

इथवर ऐकलं की निष्कर्ष तयार असतो: एका फळ कंपनीसाठी महासत्तेने एक देश उलथवला. आपल्याकडच्या भाषणांतही ही गोष्ट अशीच सांगितली जाते. मला मात्र हा निष्कर्ष अपुरा वाटतो. का, ते सांगतो.

आर्बेंझ राजीनामा देऊन पायउतार झाले २७ जून १९५४ रोजी. त्यानंतर पाचच दिवसांनी, २ जुलैला, अमेरिकेच्या न्याय खात्याने एका कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. ती कंपनी होती युनायटेड फ्रूट. या खटल्याची तयारी आधीपासून चालली होती. १९५८मध्ये कंपनीला तडजोड मान्य करावी लागली, धंद्याचा एक भाग सोडून देण्याचं कबूल करावं लागलं आणि १९७२मध्ये ग्वाटेमालातली जमीन तिने दुसऱ्या कंपनीला विकली. म्हणजे जे सरकार कंपनीसाठी देश उलथवतं, तेच सरकार तिला आपल्या देशात कोर्टात खेचतं. नुसत्या लोभाच्या हिशेबात हे बसत नाही.

मग काय बसतं? भीती. वॉशिंग्टनमधल्या माणसांची खरोखरच खात्री होती की, पनामा कालव्यापासून जवळच मॉस्कोने पाय रोवला आहे. या भीतीला काहीच आधार नव्हता असंही नाही. कम्युनिस्ट पक्षाचे नेते होसे मॅन्युएल फोर्तुनी हे आर्बेंझ यांचे जवळचे मित्र होते आणि जमीनकायद्याच्या मसुद्यात त्यांचा हात होता. स्टालिन वारला तेव्हा तिथल्या संसदेने मौन पाळलं. पण त्या संसदेत कम्युनिस्टांच्या जागा होत्या चार. मंत्रिमंडळात एकही नाही. सोव्हिएत वकिलातही त्या देशात नव्हती. १९५३मध्ये मेक्सिकोतल्या सोव्हिएत वकिलातीतला एक अधिकारी आर्बेंझना भेटायला आला होता, तो काय मागायला? केळी! तो सौदाही जमला नाही, कारण केळी न्यायला लागणाऱ्या शीतगृहाच्या बोटी अमेरिकी कंपनीकडे होत्या, रशियाकडे नव्हत्या. जागतिक साम्यवादी कटाचं यापेक्षा केविलवाणं चित्र मला दुसरं माहीत नाही.

लोभाशी घासाघीस करता येते. एकरी तीन आणि एकरी पंचाहत्तर यांच्यामध्ये कुठेतरी आकडा सापडला असता. भीतीला मधला आकडा नसतो. अमेरिकी राजदूत प्युरिफॉय डिसेंबर १९५३मध्ये आर्बेंझ यांच्याकडे जेवायला गेले, सहा तास बोलले आणि त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं की, हा माणूस कम्युनिस्ट नसला तरी खरा कम्युनिस्ट येईपर्यंत तो चालून जाईल. अशा माणसाला आर्बेंझ यांनी कोणता पुरावा द्यायचा होता? कंपनीने ही भीती पोसली, तिला खतपाणी घातलं, हे खरंच. पण पीक वॉशिंग्टनच्याच जमिनीत आलं.

सत्तापालटाची योजना ऑगस्ट १९५३मध्ये मंजूर झाली होती. त्याच महिन्यात इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांना अशाच प्रकारे हटवण्यात आलं होतं, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा होता. कार्लोस कास्तियो आर्मास नावाचा हद्दपार कर्नल शोधण्यात आला. १८ जून १९५४ला तो होंडुरासमधून आत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर पाचशेही माणसं नव्हती. ग्वाटेमालाचं लष्कर होतं सहा हजारांच्या आसपास. ग्वालान या ठिकाणी तीसएक सैनिकांच्या ठाण्याने चौपट हल्लेखोरांना पिटाळलं. पुएर्तो बारिओसला पोलीस आणि गोदी कामगारांनी त्यांना परतवलं. लढाई म्हणून बघाल तर हे आक्रमण पहिल्या आठवड्यातच फसलं होतं.

पण रेडिओ वेगळीच लढाई सांगत होता. मोठ्या फौजा राजधानीकडे निघाल्या आहेत, गावामागून गावं पडत आहेत, असं त्यावर चाललं होतं. त्याआधी जूनच्या सुरुवातीला हवाई दलातला एक माजी अधिकारी पळून त्यांना मिळाला होता. सहकाऱ्यांना उघड आवाहन करायला तो तयार होईना. तेव्हा त्याला भरपूर दारू पाजून, समजा तू आवाहन केलंस तर काय म्हणशील, असं गप्पांत विचारलं, लपवलेल्या यंत्रावर ते मुद्रित केलं आणि कापून-जोडून प्रसारित केलं. परिणाम असा की, आर्बेंझ यांचा आपल्या वैमानिकांवरचा विश्वास उडाला आणि त्यांनी आपलंच हवाई दल जमिनीवर बसवलं. आकाश मोकळं झालं. सी.आय.ए.ने भाड्याने घेतलेले वैमानिक राजधानीवर घिरट्या घालू लागले. लोकांनी त्या विमानांना जुलाबाच्या औषधाचं नाव ठेवलं होतं. ती दिसली की काय होतं, ते यावरून समजावं.

शेवटी सरकार पडलं ते लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात. ते कास्तियो आर्मासच्या पाचशे माणसांना भीत नव्हते. या पाचशेंना हरवलं तर त्यांच्यामागून अमेरिकेचं खरं सैन्य येईल, याला भीत होते. त्यांनी लढायचं नाकारलं. आर्बेंझ यांनी राजीनाम्याचं भाषण रेडिओवरून केलं. त्या प्रसारणातही सी.आय.ए.ने व्यत्यय आणला, आणि आपल्या अध्यक्षाचे शेवटचे शब्द कित्येकांना नीट ऐकूच आले नाहीत. देश सोडताना विमानतळावर त्यांना कपडे उतरवायला लावून छायाचित्रकारांसमोर तपासण्यात आलं. त्यानंतर ते अनेक देशांत भटकत राहिले आणि १९७१मध्ये मेक्सिकोत वारले. राजधानीत त्या जूनमध्ये अर्जेंटिनाचा एक तरुण डॉक्टर हे सगळं पाहत होता. तो तिथून मेक्सिकोला गेला आणि पुढच्या वर्षी त्याची गाठ फिडेल कॅस्ट्रोंशी पडली. त्याचं नाव अर्नेस्टो गेव्हारा. भीतीपोटी केलेल्या कामातून भीतीचं खरं कारण कसं जन्माला येतं, त्याचा हा नमुना.

विजयानंतर सी.आय.ए.ने आपली माणसं पाठवून ग्वाटेमालातले दीड लाखांहून अधिक कागद गोळा केले. मॉस्कोच्या कटाचा पुरावा जगाला दाखवायचा होता. म्हणण्यासारखं काहीच सापडलं नाही.

नव्या राजवटीने जमीनकायदा रद्द केला. सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली होती, त्यातल्या बहुतेकांची ती गेली. निरक्षरांचा मताधिकार काढला, म्हणजे बहुसंख्य जनतेचाच काढला. संशयित कम्युनिस्टांची यादी काही महिन्यांत सत्तर हजारांवर गेली. आणि मतपेटीने काही होत नाही हे शिकलेली पिढी डोंगरात गेली. १९६०मध्ये सुरू झालेलं यादवी युद्ध संपलं २९ डिसेंबर १९९६ला. छत्तीस वर्षं.

मानवी हक्क हा शब्द अमेरिकेच्या धोरणात ठळकपणे आणला अध्यक्ष जिमी कार्टर यांनी. १९७७मध्ये त्यांच्या सरकारच्या अहवालात टीका झाली म्हणून ग्वाटेमालाच्या लष्करशहांनी अमेरिकी लष्करी मदतच नाकारली. मला वाटतं, कार्टर यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचं कारण नाही. पण हेतू अध्यक्षाबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो. ४ डिसेंबर १९८२ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन होंडुरासमध्ये ग्वाटेमालाचे लष्करशहा रिओस माँट यांना भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले की, या गृहस्थांवर उगाच ठपका ठेवला जातो आहे. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच लष्कराच्या ‘काइबिल’ नावाच्या खास तुकडीने दोस एरेस हे खेडं पुसून टाकलं. बाया, माणसं, लेकरं, दोनशेच्या आसपास. कित्येकांना गावच्या विहिरीत टाकलं. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेने ग्वाटेमालाला हेलिकॉप्टरचे सुटे भाग विकण्याची परवानगी दिली.

संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्य आयोगाने फेब्रुवारी १९९९मध्ये अहवाल दिला. मेलेले आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक. ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया आदिवासी. आयोगाने नोंदवलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी फौजा आणि त्यांच्या हस्तकांनी केलेले, तीन टक्के बंडखोरांचे. काही भागांत जे झालं त्याला आयोगाने वंशसंहार हाच शब्द वापरला. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष बिल क्लिंटन ग्वाटेमालात गेले आणि अशा लष्कराला पाठिंबा देणं ही अमेरिकेची चूक होती, असं त्यांनी उघडपणे म्हटलं. दोन लाख माणसांपुढे ही वाक्यं फार तोकडी आहेत. तरी ती बोलली गेली याची नोंद मी घेतो, कारण अशी वाक्यं बोलायला इतर महासत्तांना याहून जास्त वेळ लागलेला आहे आणि काहींनी ती अजून बोललेलीच नाहीत.

पुढे न्यायाचं चाक अडखळत का होईना फिरलं. दोस एरेसच्या विहिरीतली हाडं शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात बाहेर काढली. २०११मध्ये ग्वाटेमालाच्या कोर्टाने या हत्याकांडाबद्दल चार सैनिकांना प्रत्येकी सहा हजारांहून अधिक वर्षांची शिक्षा दिली. २०१ खुनांपैकी दर खुनाला तीस वर्षं, आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची तीस. रिओस माँट यांना मे २०१३मध्ये वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी मिळून ऐंशी वर्षांची शिक्षा झाली, ती दहा दिवसांत वरच्या कोर्टाने रद्द केली, आणि २०१८मध्ये ते घरीच वारले. त्या तुकडीतले काही जण भूतकाळ लपवून अमेरिकेचे नागरिक झाले होते. त्यांना अमेरिकी न्यायालयांनीच खोटी माहिती दिल्याबद्दल तुरुंगात धाडलं.

आणि आता अगदी अलीकडची गोष्ट. १९४४च्या क्रांतीनंतर निवडून आलेले ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आरेव्हालो आठवतात ना? १९५४नंतर त्यांना परदेशातच राहावं लागलं. १९५८मध्ये उरुग्वेत त्यांना मुलगा झाला, बर्नार्दो. ऑगस्ट २०२३मध्ये हाच बर्नार्दो आरेव्हालो भ्रष्टाचारविरोधी उमेदवार म्हणून ग्वाटेमालाची अध्यक्षीय निवडणूक मोठ्या फरकाने जिंकला. तिथल्या सरकारी वकिलांनी त्याचा पक्ष बाद करण्याचा, निकालच खोटा ठरवण्याचा प्रयत्न चालवला. माया गावांतले लोक राजधानीत येऊन सरकारी वकिलांच्या कचेरीसमोर शंभर दिवसांहून अधिक काळ बसून राहिले. आणि अमेरिकेने काय करावं? डिसेंबर २०२३मध्ये तिने जवळजवळ तीनशे ग्वाटेमालन व्यक्तींवर व्हिसाबंदी घातली, त्यात शंभराहून अधिक खासदार होते. कारण दिलं, ते तिथली लोकशाही मोडू पाहत आहेत.

१४ जानेवारी २०२४ला ठरलेला शपथविधी संसदेतल्या विरोधकांनी तासन्‌तास रोखून धरला. शेवटी मध्यरात्र उलटल्यावर, १५ तारीख लागल्यावर, आरेव्हालो यांनी शपथ घेतली. बाहेर रस्त्यावर लोक अजून उभे होते.